टिंबापुढचे गुंठे

“चार एकर अठरा गुंठे. चारी तुकडे धरून. बघा मामा, पट्टीवर आलंय.” दिलशादनं हातातलं यंत्र श्रीमंतपुढं धरलं.

“मला काय बघायचंय? यंत्र खोटं बोलतंय व्हय? निम्मे धोंडाबाईचे, निम्मे माझे. झालं. चला, चहा घेऊ.”

बांधावर बसलेली धोंडाबाई जागची हलली नाही. “शिरमंत्या, सकाळधरनं त्या डबीला शिव्या देऊन राहिलास. पोरीची मोजणी मानत न्हाई म्हनून चार मान्सं गोळा केलीस. अन् आता एका दमात पटलं?”

माणसं गालात हसली. दिलशादनं मात्र पट्टी पुन्हा आपल्याकडं वळवली. म्हातारी बोलली ते खरं होतं. हा माणूस कशालाच एका दमात हो म्हणणारा नव्हता.

धोंडाबाई उमरीला दिलेली. बापाच्या जमिनीत निम्मा हिस्सा मागायला ती भावाच्या दारात दोन वर्षं खेटे घालत होती. भूकंपात हद्दीचे दगड सरकले, आता मोजायचं कुठनं, असं सांगून श्रीमंतनं तिला तेवढे दिवस झुलवलं. दगड होते तिथंच होते. शेवटी भावकीनं कान पिळले, तेव्हा घरगुती वाटणी ठरली आणि चाकूरच्या मोजणीवाल्या जिलानीभाईंना बोलावणं गेलं. जिलानीभाईंची साखळी म्हणजे पंचक्रोशीत शेवटचा शब्द. पण आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. साखळी ओढायची, मापं घ्यायची आणि हिशेब काढायचा, सगळं लेकीकडं, दिलशादकडं.

हिशेबाला तिच्याजवळ ते यंत्र. चष्म्याच्या डबीएवढं, एका ओळीची पट्टी, खाली नखाएवढ्या इंग्रजी कळा. कुवेतचा चाचा भूकंपानंतर घरचे जिते आहेत का बघायला आला, तेव्हा घेऊन आलेला. हे नुसतं बेरीज-वजाबाकीचं नव्हतं. त्याला एकेक ओळ करून रीत शिकवली की ते ती ध्यानात ठेवायचं. दिलशाद तेव्हा लातूरला बारावीच्या क्लासला होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि पोरं सुगीतल्या कडब्यासारखी खोल्यांत रचली जात होती. सरांनी यंत्र हिसकून ड्रॉवरमध्ये टाकलं. परीक्षेला चालत नाही ते इथं नको, म्हणाले. तिनं भर वर्गात उठून ड्रॉवर उघडला, यंत्र घेतलं आणि जी निघाली ती पुन्हा त्या जिन्यावर चढली नाही.

मग पुस्तिका चाळून तिनं यंत्राला मोजणी शिकवली. शेताचे त्रिकोण पाडायचे, तिन्ही बाजू फुटांत टाकायच्या, की क्षेत्र हजर. तेही आपल्या माणसांसारखं लिहून: आधी एकर, मग टिंब, मग गुंठे. एक एकर तीस गुंठे म्हणजे १.३०. तुकड्यांची बेरीज करणारी रीत मात्र नवी होती. आज पहिल्यांदाच जुंपलेली.

ती खाली बसली. तळहातावर पेननं चारी तुकडे लिहिलेले होते: १.३०, १.२५, १.३५, ०.२८. आधी तिनं एकर जोडले. तीन. मग गुंठे जोडले. एकशे अठरा. आणि तिला चूक दिसली. एकराचे गुंठे चाळीस. पण टिंब दिसलं की यंत्र आपल्या सवयीनं शंभराचा एक करतं. तसा त्यानं शंभर गुंठ्यांचा एक एकर केला होता. साठ गुंठे, म्हणजे दीड एकर, टिंबाच्या फटीतून पार. धोंडाबाईला चार-अठराचे निम्मे तोडून दिले की न धरलेलं सगळं श्रीमंतकडंच राहणार होतं.

ती उठेना, तेव्हा जिलानीभाई समजले. जवळ येऊन हळूच म्हणाले, “उठ बेटा. चुप चल. आपलं नाव जातंय.”

नाव जाणार हे तिलाही कळत होतं. पोरीची मोजणी नको म्हणणाऱ्यांना हेच पाहिजे होतं. एकदा तोंड उघडलं की उद्या तिला बांधावर कुणी उभं करणार नव्हतं.

“थांबा समदे,” ती म्हणाली. “आकडा चुकलाय. दीड एकर कमी धरलंय.”

“घ्या. डबीनं रान गिळलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

श्रीमंत तापला. “एकदा सांगितलं ते सांगितलं. चुकनाऱ्या यंत्राचा दुसरा आकडा मी कशाला मानू? चार-अठराच धरायचे.”

“चुकलेला पहिला मानता अन् दुसरा न्हाई? लई जीव जडला की मामा तुमचा डबीवर.”

“लातूरच्या सरनं तुला हाकलली ती उगं न्हवं.”

“हाकलली न्हाई. मी उठून आले. हितनं उठनार न्हाई.” तिनं ओढणी कमरेला खोचली. “चूक डबीची न्हाई, माझी हाय. मी शिकवलं तसं ती चालली. आता दुसरं शिकवते. कुनाला घाई आसंल त्यानं जावं.”

कुणी गेलं नाही. ती कळा दाबत मोठ्यानं सांगत राहिली. टिंबाच्या अलीकडचे एकर. त्यांना चाळिसानं गुणायचं. पलीकडचे गुंठे त्यात मिळवायचे. समदे गुंठे एक झाले की चाळिसा-चाळिसाचे एकर करायचे. पहिल्या झटक्याला यंत्रानं चूक म्हणून पट्टीवर इंग्रजी शब्द टाकला. माणसं फिदीफिदी हसली. एक कंस उघडा राहिला होता. तिनं तो मिटवला आणि चारी आकडे पुन्हा घातले.

५.३८.

“पाच एकर अडतीस गुंठे. निम्मे म्हंजे दोन एकर एकुनचाळीस. मावशी, तेवढे तुमचे.”

धोंडाबाई म्हणाली, “आता कसं रान रानासारखं झालं.”

“मला मान्य न्हाई,” श्रीमंत म्हणाला. “बेरीज फिरती, तर मापं बी फिरली आसतील. साखळी परत टाका.”

दिलशादनं बापाकडं पाहिलं. जिलानीभाईंनी वाकून साखळीचं एक टोक उचललं आणि श्रीमंतच्या हातात दिलं.

“धरा शिरमंतभाई. मोजनारी ती हाय. ती म्हनंल तिथं हुबं ऱ्हायचं.”

दिलशादनं यंत्र कमरेच्या पिशवीत सारलं, दुसरं टोक घेतलं आणि ढेकळं तुडवत पहिल्या कोपऱ्याकडं निघाली. ऊन डोक्यावर आलं होतं. दगडावर पाय रोवून ती वळली.

“साखळी ताना, मामा. ढिली सोडून राहिलात.”