नेसलेल्या साड्यांचं वाण

चिंगूस, चिकट आणि कवडीचुंबक. ही तिन्ही विशेषणं मला माझ्याच गल्लीत मिळालेली आहेत, आणि तिन्ही मी मुकाट्याने ऐकून घेतलेली नाहीत. तिथल्या तिथे उत्तर दिलंय. आज त्याच बायका भाजीला जाताना खांद्याला कापडी पिशवी लावतात आणि मला ओला कचरा, सुका कचरा शिकवायला येतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. "अहो, हे मी तुमच्या डोळ्यांसमोर करत होते, तेव्हा नाकं मुरडत होतात!" असं एकदा तोंडावर म्हटलंही. आमचे हे म्हणतात, जीभ आवर. मी पाणी आवरलं, गॅस आवरला, आता जीभही काय म्हणून आवरू?

सुरुवात काही तत्त्वाबित्त्वाने झाली नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकात अंबडच्या ज्या कारखान्यात हे कामाला होते, त्याला टाळं लागलं. पाथर्डी फाट्याजवळचं आमचं रो हाऊस नुकतंच बांधून झालेलं, मुलगी दुसरीत. त्यातच सासरे गेले, आणि सासूबाई निफाडकडचं घर मोठ्या दिरांवर सोपवून आमच्याकडे राहायला आल्या. दुष्काळात तेरावा महिना, असं लोक म्हणाले. मी नाही म्हटलं. खरं तर ह्या बाईनेच आम्हाला तारलं.

कोंड्याचा मांडा करणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडून शिकले. दोडक्याच्या शिरांची चटणी. कोथिंबिरीच्या देठांचं वाटण. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, आणि मोरीचं पाणी गटारात न जाता पाइप वळवून मागच्या अळूला. दिरांच्या द्राक्षबागेची छाटणी झाली, की तिथल्या काड्या टेम्पोतून आमच्या दारात यायच्या. आम्ही दोघी त्यांच्या मोळ्या बांधायचो आणि आमचा बंब वर्षभर त्यावर पेटायचा. उन्हाळ्यात लासलगावच्या बाजारात कुणी न घेतलेला बारीक कांदा दीर गोणीभर आणून टाकायचे. तो चिरून गच्चीवर वाळवायचा. मग पावसाळ्यात भाव कितीही चढोत, आम्ही आपले मिजाशीत.

समोरच्या घरातल्या काकू एकदा नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वास येतो हो." म्हटलं, "नाशिकात राहून कांद्याचा वास येतो? नाकाने कांदे सोलायचेच असतील तर आमचे सोलायला या, दोन गोण्या पडल्यात." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण बाई वाईट नव्हत्या. मुलीला ताप चढला होता तेव्हा रिक्षा आणायला फाट्यापर्यंत त्याच पळाल्या होत्या.

पुढे वर्षभराने ह्यांना सातपूरला दुसरी नोकरी लागली. आता सोडा की हे सगळं, असं माहेरचे म्हणाले, गल्ली म्हणाली, हेसुद्धा दबक्या आवाजात म्हणाले. का सोडू? गरज होती म्हणून सुरू केलं, हे खरं. पण करता करता मला दिसायला लागलं होतं, की आमच्या घरातून आठवड्याला कचऱ्याची एक मूठसुद्धा बाहेर पडत नाही आणि शेजारच्या कोपऱ्यावर ढीग साचतोय. आता नुसती काटकसर राहिली नव्हती, माझा हट्ट झाला होता. आणि हट्टाला पेटले की मी कुणाची नाही.

अशातच संक्रांत आली. संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे वाण आलंच. रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे जायचं, आणि प्रत्येक घरून प्लॅस्टिकचं काहीतरी घेऊन यायचं. गाळणी, साबणाची डबी, नाहीतर झाकण न बसणारा डबा. माझ्याकडे एका वर्षात सात गाळण्या झाल्या होत्या. सात गाळण्यांनी मी काय गाळू, गोदावरी? त्या वर्षी मी ठरवलं, की माझ्याकडून कापडी पिशवी जाईल. धड, मजबूत, पाच किलो कांदे घातले तरी बंद तुटणार नाही अशी.

कापडाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. त्यांची एक लोखंडी पेटी होती. सासरे गेल्यापासून त्यांनी रंगीत साडी अंगाला लावली नव्हती. फिक्या, बिनकाठाच्या चार साड्या आलटून पालटून नेसायच्या. बाकीच्या सगळ्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. एक दिवस त्यांनी पेटी माझ्यापुढे उघडली. "ह्या कुजवून काय करू? फाड. सुती हाय, चांगलं कापड हाय."

मग आठ दिवस आमच्या पुढच्या खोलीत नुसती धमाल. सासूबाई मशीनवर, मी कात्रीला. साडी पेटीतून निघाली की आधी तिची गोष्ट निघायची. ही ह्यांच्या बारशाची. ही कांद्याला भाव लागला त्या वर्षीची. ही सासऱ्यांनी न सांगता आणली आणि आपल्या आईच्या शिव्या खाल्ल्या तिची. तळाला दुहेरी कापड, बंदाला तीनदा शिलाई. दोन साड्यांना तेवढी त्यांनी कात्री लावू दिली नाही, एक हिरवी आणि एक जांभळी. "राहू दे," म्हणाल्या, आणि कारण काही सांगितलं नाही. इतक्या दिवसांत मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

मध्ये एकदाच त्या थांबल्या होत्या. मशीनचं चाक हाताने धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाणाला चालंल का गं हे?"

"कापडाला काय कळतंय, आई?" मी म्हटलं आणि पुढची साडी फाडली. त्यांना काय विचारायचं होतं ते मी ऐकूनच घेतलं नाही. मला दिसत होतं फक्त कापड, आणि ते वाया जात नव्हतं. माझ्यासारख्या शहाण्या बाईने इथे शेण खाल्लं.

हळदीकुंकवाच्या दिवशी पंचवीस पिशव्या तयार होत्या. बायका आल्या. सतरंजीवर बसल्या. मी हळदीकुंकू लावत होते, तिळगूळ देत होते, पिशवी हातात ठेवत होते. "अगंबाई, किती छान!" "शिलाई बघा, शिलाई!" सासूबाई आत स्वयंपाकघरात दूध पेल्यांत ओतत होत्या. बाहेर येणार नव्हत्या, तसा रिवाजच. सगळं वाण ज्यांनी शिवलं त्या आत, आणि मी बाहेर शाबासकी घेत बसलेय, ह्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

समोरच्या काकूंनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. "कापड कुठून आणलंत हो? महाग पडलं असेल."

"महाग? विकत कोण आणतंय! आमच्या आईंच्या साड्या आहेत, पेटीत पडून होत्या." हे मी फुशारकीने, चांगलं मोठ्याने सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नेसलेल्या?"

"नेसलेल्या म्हणजे काय, स्वच्छ धुतलेल्या आहेत."

"तसं नव्हे हो. म्हणजे, तुमचे सासरे जाऊन..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पिशवी मात्र हळूच खाली सतरंजीवर ठेवली. "राग मानू नका. पण सवाष्णीला वाण म्हणून द्यायचं, तर विधवेचं वस्त्र..."

आत दूध ओतल्याचा आवाज थांबला.

मग एकेक बाई उठली. कुणाला कुकर लावायचा होता, कुणाची पाण्याची वेळ झाली होती. कुणी पिशवी चपलांपाशी विसरली, कुणी खुर्चीवर. मी दारात उभी राहून म्हणत होते, "अहो, तुमची पिशवी राहिली," आणि बायका मागे न बघता फाटकाबाहेर जात होत्या. दिवेलागणीला मी गोळा केल्या तेव्हा एकोणीस भरल्या. 

सासूबाईंनी मशीनवर झाकण घातलं. "मी इचारलं होतं तुला," एवढंच म्हणाल्या. शिवी दिली असती तर परवडली असती.

ह्यांनी तोडगा काढला: भांडीबाजारातून स्टीलच्या वाट्या आणू, सगळ्यांना पुन्हा बोलावू, रथसप्तमीला अजून अवकाश आहे. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. "आण बाबा. माझ्यापायी तुझ्या बायकोला बोल नको. आणि रथसप्तमी झाली का मला गावी नेऊन सोड. सणासुदीचं माझं तोंड नको ह्या दारात."

"वाट्या येणार नाहीत," मी म्हटलं. "आणि तुम्ही कुठे जाणार नाही." पण त्या पेटी आवरायला आत गेल्या. त्यांचं ठरलं होतं. ही बाई एकदा गावी गेली की पुन्हा माझ्या घरी यायची नाही, हे मला पक्कं कळलं. आणि तिला घालवणारी मीच होते, माझी तोंडाळ हुशारी.

दुसऱ्या दिवशी समोरच्याच काकूंकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं आधीच आलेलं. दुपारी मी पेटी उघडली, हिरवी साडी काढली आणि नेसायला लागले.

सासूबाई धावत आल्या. पदरच धरला माझा. "खुळी का काय तू? सोड ती! अगं माझा लेक हाय तो!"

तेव्हा मला कळलं, की बायका जे बोलल्या ते आईंनाही खरं वाटत होतं. बायकांपेक्षा जास्त.

"तुमचा लेक आहे तसा माझा नवराही आहे," मी म्हटलं. "ह्याच साडीत तुम्ही मामंजींना वर्षानुवर्षं जेवायला वाढलंत. तेव्हा कुठे गेला होता हिचा गुण? तेव्हा हिनं काय केलं त्यांचं?"

त्यांनी पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

बोलायला मी बोलले. पण खरं सांगते, रस्ता ओलांडताना मीही घाबरले होते. हे सातपूरहून स्कूटरवर येण्याची वेळ होती, आणि मी चार वेळा कोपऱ्याकडे बघितलं. भीती अशी आपल्याला न विचारता रक्तात घालून ठेवलेली असते. म्हणूनच मला तिचा जास्त राग येतो. मागे फिरले असते तर ती कायमची माझ्या मुलीपर्यंत गेली असती.

काकूंची खोली बायकांनी भरलेली. त्या करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकू, आधीच सांगते, मागाहून फसवलं असं नको. ही साडी आमच्या आईंची आहे. नेसलेली. कुंकू लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण लावायचं नसेल तर का नाही ते तोंडाने सांगा. कालच्यासारखं हळूच ठेवून जाऊ नका. आमच्या आई आत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं."

काकूंचं बोट हळदीत तसंच राहिलं. "मला नव्हतं माहीत त्या आत आहेत ते," त्या पुटपुटल्या.

"मग कुठे असणार होत्या? तुम्हीआम्हीच तर बसवलंय त्यांना आत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. "तुमच्या मिस्टरांचं काही..."

"ते माझं मी बघेन."

"लावते बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला कोण लागणार!" आणि हळदीचं बोट कपाळाला टेकलं, मग कुंकवाचं. वाण म्हणून प्लॅस्टिकची साबणाची डबी मिळाली.

घरी आले तर हे पलंगावर बसलेले, हातात गार झालेला चहा. समोर पाटावर सासूबाई, ह्यांच्यावर डोळे लावून. "अर्धा तास झाला, आई मला हलू देत नाहीये," हे वैतागून म्हणाले. "हातपाय धुवायलासुद्धा उठू दिलं नाही."

सासूबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग लेकाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"लावलं?"

"लावलं."

"काय म्हणाली?"

"तुमच्या तोंडाला कोण लागणार, म्हणाल्या."

त्या फिसकन हसल्या. पदर तोंडाला लावला, आणि हसता हसता रडायला लागल्या. हे घाबरून उठले, तर त्यांना हातानेच बस म्हणाल्या. मग डोळे पुसले, पाटावरून उठल्या, माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "उद्या कुणाकडं हाय?"

"मागच्या गल्लीत."

"मग उद्या जांभळी नेस. ती मला लय शोभायची."