अर्धपोटी जिवाणू

डाग खाणारं एन्झाइम आमचे जिवाणू थोडंसंच बाहेर टाकत, बाकीचं पोटात धरून बसत. त्यांच्या जनुकांत बदल करत करत फरीदाबादच्या शेडमध्ये मी असं वाण घडवलं, की ते जवळजवळ सगळं पाण्यात सोडून देई. नुसतं गाळून घ्यायचं.

परदेशी कंपन्यांच्या धुण्याच्या पावडरी बाजारात आल्या तशी देशी पावडरवाल्यांची एन्झाइमसाठी धावपळ सुरू झाली. माझा भागीदार पुण्याचा, जिभेवर साखर. गिऱ्हाइकं तो सांभाळे. काम असलं की मला ताई म्हणे. सगळ्यात मोठ्या पावडरवाल्याला मात्र माझ्यासमोर म्हणाला, "ये हमारी लैब असिस्टेंट हैं. चाय अच्छी बनाती हैं."

मी चहा केला. पुढच्याच आठवड्यात भागीदार वाणाची नळी थर्मासात घालून पसार झाला आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याने स्वतःची टाकी उभारली.

मी भांडले नाही. माझ्या तोंडाचा पट्टा ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे खरं वाटत नाही. पण तो माझ्या टाकीजवळ कधी फिरकलाच नव्हता, आणि मला वाट बघता येते.

एका रविवारी तो माझ्या दिल्लीतल्या, मयूर विहारच्या घरी आला.

"ताई, टाकीत जिवाणू दाट वाढतात, पण पाण्यात काही उतरत नाही."

"खायला काय घालतोस?"

"भरपूर साखर. माल कमी पडला म्हणून अजून वाढवली."

"छान. पाहुणचार चांगला आहे."

"सांग ना यार, काय चुकतंय? मागशील ते देतो."

"त्या पावडरवाल्यासमोर सांगायचं, वाण कोणाचं ते."

"लिहून देतो."

"तोंडाने."

"फोनवर चालेल?"

"समोर. आणि चहा तू करायचा."

त्याने केला. पावडरवाल्याच्या ऑफिसात कप पुढे ठेवत, खाली बघत, सगळं सांगितलं. पावडरवाला माझ्याकडे वळला. "तो अब माल किससे लूँ, मैडम?"

"जिसे पता हो कि ये कीड़े आधे पेट ही काम करते हैं. पेट भर चीनी दो तो बस मोटे होते हैं."

भागीदाराचं तोंड उतरलं. "ताई, एवढंच होतं?"

"एवढंच. ठरल्याप्रमाणे तुलाही सांगितलं."

ऑर्डर मला मिळाली. आता राग गेला असेल, असं लोकांना वाटतं. गेलेला नाही. त्याचा चहा पाणचट होता.