सापाची कात आणि आईचा डोळा

वडगावात आमच्या घरी दोन माग होते. त्यावर वडील आणि धाकटा भाऊ बसत, आणि आई रहाटावर कांड्या भरत असे. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायची ती सुताची छोटी नळी म्हणजे कांडी. मागावर न बसणारा घरात मी एकटाच. शाहापुरात एका सुताच्या दुकानी मी हिशेब लिहायला जात असे. ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडी आधीची. नेमकं साल आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते अंदाजानं लिहायची मला सवय नाही.

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरा पिकला होता आणि डावा धुरकट होऊ लागला होता. सूत तुटलं की तिला टोक सापडत नसे. चाचपून मारलेली गाठ जाड व्हायची आणि मागावर गेलं की तिथंच सूत पुन्हा तुटायचं. भाऊ कधी तिला बोलला नाही. पण मागाचा खटखटाट मधेच थांबला की आईचा हातही थांबायचा. कशानं थांबला ते तिला कळत होतं. रहाट सुटला तर या घरात आपण कशाला, असं ती एकदा शेजारणीला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

मिरजेला इस्पितळात मोतीबिंदू काढत. आई जायला तयार नव्हती.

माझा चुलतभाऊ हायस्कुलात मास्तर होता. त्यानं पाटीवर डोळ्याचं मोठं चित्र काढलं आणि भिंग कुठं, पडदा कुठं, उजेड आत कसा जातो, हे तिला अर्धा तास समजावून सांगितलं. त्याचा एक शब्दही चुकीचा नव्हता. सगळं ऐकून आई म्हणाली, "चित्र बरं काढलं असशील बाबा. मला दिसत असतं तर बघितलं असतं की."

मग मी आकड्यांनी प्रयत्न केला. शंभरातल्या बहुतेक बायकांचे डोळे चांगले होतात, असं म्हटलं.

"आणि ज्यांचे न्हाय हुईत त्यातली एक मीच न्हाय कशावरनं?" आई म्हणाली. "आणि मोती पडलाय म्हणत्यासा न्हवं? मग घरातला मोती मिरजेला नेऊन कशाला देऊ?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहत. पहिल्या महायुद्धात ते पलटणीच्या इस्पितळात जखमा धुऊन बांधणारे ड्रेसर म्हणून बसऱ्याला गेले होते, आणि परतल्यावर लष्कराच्या कॅम्पातल्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणे. त्यांना किती गोष्टी ठाऊक होत्या याचा मला कधी अंदाज लागला नाही. कारण त्या ते कधी एकदम सांगत नसत. बोरगावचे आमचे तंबाखू पिकवणारे पाहुणे एकदा तंबाखूवर बोलत होते. आप्पांनी त्यांना आधी पान कसं वाळवता, दवात पान का उचलता, हे विचारून घेतलं. पाहुणे रंगात आले. मग आप्पा म्हणाले, "बसऱ्याकडं मी येगळं बघितलं. तिकडं तसं असंल." आणि तिथल्या तंबाखूचं असं वर्णन केलं, की पाहुण्यांनी गाडीची वेळ चुकवली. जे ठाऊक नसे, त्यावर ते मोठ्यानं म्हणत, "हे आपल्याला ठाऊक न्हाय बघा." ते म्हणताना त्यांचा चेहरा खुलत असे.

एका सकाळी ते सोप्यात येऊन बसले. आई रहाटाशी होती. मिरजेचा विषय मीच काढला, आणि आई फणकारली, "आता तुमी बी सांगा आप्पा. तुमचंच ऱ्हायलंय."

"मी काय सांगू? मला एक शब्द पायजे हुता," आप्पा म्हणाले. "आक्का, मोतीबिंदूला कन्नडात काय म्हणत्यात?"

आमच्या भागात दोन्ही भाषा घरच्याच. आई चटकन म्हणाली, "पोरे."

"आणि सापाच्या कातीला?"

"ते बी पोरेच." तिचा हात रहाटावर थांबला. "पापुद्रा असतोय न्हवं, त्याला पोरे म्हणत्यात."

"मग दोन्हीला एकच शब्द का केला असंल?"

आईचं माहेर उचगावचं, लहानपण शिवारात गेलेलं. ती म्हणाली, "कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यावर बी येती की. निळसर, दुधासारखी. तवा त्याला धड दिसत न्हाय. माझा बा म्हणायचा, असल्या सापाच्या वाटंला जाऊ नगासा, लई चिडका असतोय."

मागावरून वडील म्हणाले, "आत्ता कळलं घरात एवढं कोण फुसफुसतंय ते."

"तुमी गप माग मारा!" आई म्हणाली, पण हसली. मग तिनं रहाटावरचा हात मांडीवर घेतला. मी बोलणार होतो, पण आप्पांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"साप आपली आपण काढतोय," आई म्हणाली. "दगडाला घासून. माझी काय दगडाला घासून निघायची न्हाय."

"न्हाय निघायची."

"म्हंजी दुसऱ्या कुणीतरी काढाय पायजे." आणि मग तिनं इतक्या दिवसांत कुणालाच न विचारलेलं विचारलं, "दुखतंय काय ओ आप्पा?"

आता आप्पांनी सांगितलं, विचारलं तेवढंच. "आधी औषधाचे थेंब घालत्यात. डोळा बधिर हुतोय. दाबल्यागत वाटतंय म्हणत्यात. मला सवता ठाऊक न्हाय, माझा डोळा कुणी कापलेला न्हाय. अवघड काम म्होरंच. दोन्ही डोळ्यांस्नी पट्टी बांधून दिवसच्या दिवस निपचित पडायचं. तुमाला गप पडाय येतंय काय?"

"न्हाय येत," वडील मागावरून म्हणाले.

"येतंय," आई म्हणाली.

दारापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, चांगली युक्ती केलीसा."

ते थांबले. "युक्ती कसली? शब्द तेवढा मला ठाऊक हुता. त्या सापाला दिसत न्हाय, हे मला कुठं ठाऊक? आक्कांनी सांगितलं ते. उत्तर पुरं ठाऊक असंल तर इचारू न्हये रं. माणसाला वाटतंय, ह्यो आपली परीक्षा घ्यालाय."

मिरजेला आईबरोबर मी गेलो. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, मान हलू नये म्हणून. ती गप पडली. वडिलांना हे कितीदा सांगितलं तरी पटलं नाही. पट्टी सुटली, पुढं जाड भिंगाचा चष्मा आला, आणि आई पुन्हा रहाटावर बसली. पहिल्याच दिवशी तुटलेल्या सुताचं टोक तिनं एका दमात धरलं आणि कुणाला न सांगता गाठ मारली. भावाचा माग थांबला नाही.

मग गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. आई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगे, पोरे म्हणजे काय, सापाचं काय, थेंब कसे घालतात. पुढच्या दोन वर्षांत तिचं ऐकून गल्लीतल्या आणखी दोघी मिरजेला जाऊन आल्या. एकदा हे सांगणं चालू असताना आप्पा येऊन बसले. त्यांना पाहून मी संकोचलो. कॅम्पातल्या इस्पितळात कितीतरी लोकांच्या डोक्याशी त्यांनी स्वतःच्या हातानं त्या पिशव्या लावल्या असणार, आणि आई त्यांनाच पिशवी केवढी असते ते हातानं दाखवत होती.

आप्पा पुढं सरकून ऐकत होते. आई दम घ्यायला थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आक्का, ती पिशवी कानाला लागती तवा गार लागती, का गरम?"

"पयल्यांदा गार," आई म्हणाली. "मग आपल्या अंगाएवढीच. पण मान जरा हलली की आत वाळू सरकती बघा, बारीक आवाज येतोय. रातभर तिच्याशीच बोलत हुतो मी. तिनं सर्र केलं की म्हणायचं, न्हाय गं बाई, न्हाय हलत."

आप्पांनी आपला तळवा कानाशी धरून बघितला. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं न्हवतं."