बारीक आवाज आधी थांबला

आंध्रातल्या नार्नूरच्या पुढे, जिथून महाराष्ट्राची हद्द पायी गाठता येते अशा एका गावात मी इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे, पुस्तकातलं वाक्य वाचायचं, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा आणि मुलांकडून ते पाच वेळा लिहून घ्यायचं. आमच्या घराण्यात नोकरीला लागलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या इंग्रजीबद्दल गावात फार मोठे गैरसमज होते आणि मी ते कधी दूर केले नव्हते.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. त्या पावसाळ्यात कपाशीवर अळी पडली आणि वरून औषध मारायला हेलिकॉप्टर आलं. दोन दिवस गावानं कामधंदा सोडून ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ज्वारीच्या वर आलं, स्वतःभोवती गरगर फिरलं आणि पाटलांच्या वावरातल्या मोहाच्या झाडावर पंखा आपटून खाली बसलं. आग लागली नाही. पायलट स्वतःच बाहेर आला, बांधावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याला बैलगाडीतून सडकेपर्यंत नेलं, तेव्हा वाटभर तो एकच वाक्य बोलत होता, "पूँछ पहले गई, पूँछ पहले गई।" हेलिकॉप्टरच्या मागच्या दांड्याला शेपूट म्हणतात हे कोणाला माहीत नव्हतं. डोक्याला मार लागला असावा, असं सगळ्यांचं मत पडलं.

चार दिवसांनी दिल्लीचा चौकशी अधिकारी आला. त्यानं झाड पाहिलं, मोडलेलं शेपूट पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की पायलट फार खाली उडत होता, शेपूट झाडाला लागलं, दुसरं काय असणार. पण नियम असा होता की यंत्र ज्या देशात बनलं तिथल्या माणसाला चौकशीत बसू द्यायचं, आणि इंजिन ज्या देशात बनलं तिथल्यालाही. इथे सांगाडा एका देशाचा, इंजिन दुसऱ्या देशाचं आणि पडायला आमची ज्वारी. त्यामुळे आणखी आठवड्यानं दोन गोरे इंजिनियर धुळीनं लाल होऊन उतरले. एक उंच आणि हडकुळा, सांगाड्याचा. दुसरा गोल आणि घामाघूम, इंजिनाचा.

मंडल कार्यालयाचे तेलुगू साहेब शाळेत आले. इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी वर्गातच माझ्याकडे बोट केलं.

मी वावरात गेले. उंच इंजिनियर माझ्याशी काहीतरी बोलला. मी "येस" म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा "येस" म्हणाले. त्यानं वहीत लिहून दाखवलं तेव्हा कळलं की मी या गावात किती वर्षं राहते, असं तो विचारत होता. मला रडू यायचं बाकी होतं. तो मात्र मोठ्यानं हसला आणि म्हणाला, की त्याच्या बायकोलाही त्याचं बोलणं कळत नाही. हेसुद्धा त्यानं लिहूनच सांगितलं. दुपारपर्यंत माझ्या कानांना सवय झाली.

त्याला यंत्राचा प्रत्येक तुकडा हवा होता. पहारा बसायच्या आधीच बरेच तुकडे घरोघर गेले होते. एका घरी दाराचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला लागला होता, एका घरी काच देव्हाऱ्यापुढे उभी होती. पण विचारलं की सगळे म्हणत, "आमी काईच नाई नेलं." जवळच्या इंद्रवेल्लीत पोलिसांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबाराला अजून दहा वर्षं झाली नव्हती. जीपमधून आलेल्या कोणत्याही साहेबासमोर माणसं तोंड उघडत नसत.

मग त्यानं वेगळाच प्रश्न काढला. पडण्याआधी काय ऐकू आलं? टेपरेकॉर्डर सुरू करून तो पारावर बसला आणि त्यानं हेलिकॉप्टरचा आवाज काढून दाखवायला गावाला सांगितलं. यात चोरीचा काही संबंध नव्हता, त्यामुळे रांगच लागली. एकानं तोंडानं ट्रॅक्टर चालवला. एकानं ढोलच काढला. आमच्या मुख्याध्यापकांनी डोळे मिटून असा काही आवाज केला की पारावरचं कुत्रं उठून गेलं. दिल्लीचे साहेब कपाळाला हात लावून बसले होते. माझं काम हे सगळं इंग्रजीत सांगायचं.

शेवटी एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल. लोकांच्या वावरात निंदणं-वेचणं करणारी, आमच्याच वस्तीतली. सगळे तिला मावशीच म्हणायचे.

"आवाज एक नोयता, दोन होते," ती म्हणाली. "एक मोठा, धबधब. अन् एक बारीक, डासावानी. बारीक आवाज आंधी थांबला. मोठा चालूच होता. मंग ते गरगरलं."

मी सांगितलं. उंच इंजिनियरनं टेप थांबवला आणि मला पुन्हा सांगायला लावलं. बारीक आवाज म्हणजे शेपटीचा छोटा पंखा, असं त्यानं समजावलं. तो बंद पडला की यंत्र भोवऱ्यासारखं फिरतं. झाडापर्यंत पोचण्याआधीच तो बंद पडला असेल, तर पायलट खरं बोलत होता.

"तिला विचार, काही पडताना दिसलं का?"

मी विचारलं. मावशीनं पदर खोचला. "मले घरी काम हाय," म्हणाली आणि निघाली.

मी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले. चुलीपाशी बसून ती लसूण-मिरची ठेचत होती. हातात दगड नव्हता. मुठीएवढा पोलादी तुकडा होता, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला फडकं गुंडाळलेलं.

"मावशी, हे कुठं सापडलं?"

"सापडलं."

"कुठं पण?"

तिनं ठेचणं थांबवलं. "बाई, मी गवत कापाले गेलती. पाटलाच्या विहिरीजवळ, धुऱ्यावर. न इचारता. तिथंच पडलं हे, माह्या इळ्यापासून दोन हातावर. आता मी सांगू कसं?"

विहिरीपासून मोहाचं झाड चांगलं दोन वावरं पुढे होतं. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण झाडाला लागण्याआधीच हा तुकडा गळला, एवढं कळलं.

मी परत जाऊन उंच इंजिनियरला सांगितलं की एक साक्षीदार आहे, पण तिला गवताची भीती वाटते. त्यानं टेपरेकॉर्डर बाजूला ठेवला. मग म्हणाला, की आम्ही कोण चुकलं हे शोधत नाही, काय झालं हे शोधतो, म्हणजे दुसरीकडे पुन्हा होऊ नये. मला हे वाक्य फार आवडलं, पण मावशीला जसंच्या तसं सांगून भागणार नव्हतं. मी तिला म्हणाले, "हे पोलीस नाहीत. गवत कोणाचं, हे ते विचारणार नाहीत."

"मंग तसं लिहून द्या म्हनाव."

दिल्लीच्या साहेबांनी खरोखरच लिहून दिलं. जबानीत असं आलं, की साक्षीदार तेव्हा विहिरीजवळ उपस्थित होती. मी ते मराठीत वाचून दाखवल्यावर मावशीनं विचारलं, "अन् इळा?" विळा नाही, असं सांगितलं तेव्हा तिनं अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी तिनं जागा दाखवली. फीत धरून मोजणी चालली असताना पाटील आले.

"तू इथं काऊन आलती वं?"

"हेलिकाप्टर पाहाले. तुमी नोयतं पायलं का?"

पाटलांनी पाहिलं होतं, सगळ्या गावानं पाहिलं होतं. मग फितीचं एक टोक त्यांनीच धरलं. त्यानंतर दोन दिवसांत खुराड्याचा पत्रा आला, देव्हाऱ्याची काच आली, कोणी वही शिवायला नेलेली तारही आणून दिली. मुख्याध्यापकांनी हेलिकॉप्टरच्या खुर्चीचा पट्टा आणला आणि तो रस्त्यात सापडला असं सांगितलं.

मावशीच्या तुकड्यावरचं फडकं सोडलं तेव्हा उंच इंजिनियर गुडघ्यावरच बसला. तुटलेली बाजू जशीच्या तशी होती. टोचते म्हणून तिनं ती झाकून धरली होती आणि गुळगुळीत बाजूनं ठेचलं होतं. त्यानं तुकडा नाकाजवळ नेला आणि तो सटासट शिंकला. आठवडाभरात तो पहिल्यांदाच गोंधळलेला दिसला.

तुकडा परदेशी गेला. सहा महिन्यांनी माझ्या नावानं शाळेत पत्र आलं. तुकड्यावर एक लाल पदार्थ आढळला आहे, ते कोणतं रसायन असावं? मुख्याध्यापकांनी पत्राला हळदकुंकू लावायचंच काय ते ठेवलं होतं. मी पुस्तकाच्या इंग्रजीत उत्तर लिहिलं, की ते मिरची, लसूण आणि मीठ आहे आणि प्रमाण घरागणिक बदलतं.

पुढच्या वर्षी अहवालाची प्रत आली. तुकड्यात आतून भेग होती, ती झाडाला धडकण्याच्या पुष्कळ आधीची. पायलटवर ठपका नव्हता. त्या जातीची हेलिकॉप्टरं ज्या ज्या देशांत उडत होती तिथे कळवून तो भाग तपासायला लावला. काही ठिकाणी तशीच भेग निघाली आणि यंत्र पडायच्या आधी भाग बदलला गेला. अहवालात आमच्या शिवाराचा नकाशाही होता. मोहाचं झाड, विहीर, आणि दोहोंमधली एक सरळ रेघ.

मी तो मावशीला दाखवायला कपाशीत गेले. ती वेचत होती. कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस सावरत तिनं विहिरीवर बोट ठेवलं.

"ही मी?"

"ही तू उभी होतीस ती जागा."

"म्हंजे आता ते पडत नाईत?"

"या कारणानं नाही पडणार."

तिनं आणखी एक बोंड वेचून ओट्यात टाकलं. "अन् दुसऱ्या कारणानं?"

"ते काही सांगता येत नाही, मावशी."

"मंग पडलं की मले सांगजा," ती म्हणाली. "मी कान देऊन आयकीन. त्या साहेबाले म्हनाव, फक्त दुसरं कायतरी दे लसूण ठेचाले. तवापासून दगडानं ठेचा नीट होऊन नाई राह्यला."

मी पुढच्या पत्रात ते लिहिलं. काही महिन्यांनी एक जड पुडकं आलं. आत चकचकीत पोलादी बत्ता होता. मावशीनं तो हातात तोलला, उलटसुलट पाहिला आणि जरा हलका आहे म्हणाली.