भिंतीवरचा तेलकट डाग

"आजी, रंगाचे दोन हात दिले की हा डाग गायब," रंगारी म्हणाला. इरा, आरामखुर्चीमागच्या भिंतीवर, गेल्या उन्हाळ्यापर्यंत तुझे आजोबा जिथे डोकं टेकायचे, तिथला डाग.

"तेवढा राहू द्या," मी म्हणाले.

"दर दिवाळीला तर तुम्हीच उभं राहून सगळे डाग पुसून घेता!"

खुर्ची रिकामी आहे, पण तिथे कोण बसायचं ते भिंतीला ठाऊक आहे.

नोकरीच्या चाचणीसाठी तू कॉम्प्युटर गेममधली जी खोली रचलीस, ती स्टुडिओने परत पाठवली. सुंदर आहे, पण इथे कोणी राहिलेलं वाटत नाही, म्हणाले. रिकाम्या खोलीतून माणूस दाखवणारा चित्रकार त्यांना हवा आहे. मी जन्मभर माणसांच्या खुणा पुसल्या आणि तुलाही तेच शिकवलं.

ही नोकरी तुला हवीच आहे. शुक्रवारी खोली पुन्हा पाठवण्याआधी तिथे कोणाला तरी राहू दे. आणि आयुष्यात एकदाच सांगते, त्याच्या मागून आवरू नकोस.