तासाभराच्या वाटेवरची मांडी

डोळखांबहून निघालो तेव्हा एसटी हलली तरी आई खिडकीसोबत चालत होती. बाबांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं, "लांब हाय का रे?"

"जवळजवळ उत्तर ध्रुवापाशी."

"मंजे कसाऱ्याच्या जरा पुढं," बाबा म्हणाले आणि तोंडाला टॉवेल लावून वळले.

आता मी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत मासे पॅक करायची यंत्रं दुरुस्त करतो. मुरबाडच्या कारखान्यात शिकलेलंच काम, फक्त अंगावर कपडे चौपट. तिकडे दूर, नॉर्वेच्याच दुसऱ्या टोकाला, किर्केनेसला मुरबाडची वैशाली नर्स आहे. ओळख फोनवरचीच. गेल्या हिवाळ्यात तिनं विचारलं, "दादा, पोराचं जावळ काढायचंय. मला सख्खा भाऊ नाय. तुमी मामा म्हणून मांडी द्याल का?"

मी रजेचं कारण सांगून टाळलं आणि आईला हे सांगताना वर फुशारकी मारली, "गाडीनं गेलं तर अख्खा दिवस जातो, पण विमानानं तासाचाच रस्ता आहे."

"तासाचा?" आई कडाडली. "आपली एसटी शहापूरला जायाला तेवढाच टाइम घेते. बिनभावाची पोर बोलावते नि तू बसून ऱ्हायलास?"

गेलो. जावळासाठी घेतलेली कात्री हातातल्याच बॅगेत ठेवायचा शहाणपणा केला. तपासणीवाल्या बाईंनी ती बाहेर काढली. मी अभिमानानं छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी मामा आहे! बाळाचा मामा!" त्यांच्या भाषेत 'मामा' म्हणजे आई. बाईंनी माझ्या मिशांकडे बघितलं, फार सभ्यपणे अभिनंदन केलं आणि कात्री ठेवून घेतली.

विमान किर्केनेसवर पोचलं, पण खाली बर्फाचं वादळ. घिरट्या घालून परत ट्रॉम्सोला. मुरबाडची मंडळी व्हिडिओ कॉलवर नटून बसली होती, ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो, तेव्हा कुठे पोचलो.

दार उघडून वैशाली म्हणाली, "मला वाटलं, परत फिरलात ते फिरलातच." आणि रडायलाच लागली. मुरबाडला पुन्हा कॉल लागला. तिच्या नवऱ्याच्या दाढीच्या मशीननं जावळ निघालं. भाच्यानं माझ्या मांडीवर बसून बोंब ठोकली आणि माझी एकुलती एक चांगली पँट भिजवली. त्या तुळतुळीत डोक्यावर लगेच लोकरीची टोपी चढली. टक्कल करायला जगात याहून चुकीची जागा नसेल.

खरं सांगतो, गावी असतो तर डोळखांबहून मुरबाडला कुणा अनोळखी पोराच्या जावळाला गेलोच नसतो. सगळ्यांना सोडून इतक्या लांब आलो म्हणून मामा झालो. आता घर म्हटलं की डोळखांबच्या अंगणासोबत ती ओली मांडीही आठवते.

भिजलेल्या पँटीतच आईला फोन लावला.

"पोचलास? किती टाइम लागला?"

वैशाली माझ्याकडे बघत होती.

"तासभर," मी म्हणालो.

"बघ," आई म्हणाली. "जवळच हाय."