‘सोड’ म्हणायचं नाही

दाजींच्या बायकोला भाऊ एकच. पण तो दिवसभर बाजारात ‘दाजी, दाजी’ करत त्यांच्यामागे हिंडायचा, म्हणून दुकानदारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळेच या नळदुरुस्तीवाल्याला दाजी म्हणू लागले. एवढे मेहुणे मिळूनही जिवाला आराम कसा तो नाही, असं ते वैतागून म्हणत. बायको गेल्यापासून तर त्यांना वैतागायचाही कंटाळा यायचा.

खरा मेहुणा आत्ता एका शिक्षिकाबाईंच्या ओट्याखालच्या कपाटात उताणा पडला होता. ग्रॅनाइटला खालून चिकटवलेलं स्टीलचं सिंक एका बाजूने सुटून लोंबत होतं. बाईंनी खाली रंगाच्या रिकाम्या डब्याचा टेकू देऊन काही दिवस ढकलले. मग भांडी घासताना डबाच आडवा झाला आणि सगळं पाणी कपाटातल्या पिठात गेलं.

सकाळपासून दोघांनी पाइप सोडवला, सिंक खाली उतरवलं, दगडाला चिकटलेलं जुनं सिलिकॉन पात्याने खरवडलं. आधीच्या कुणीतरी ओल्या दगडावरच सिलिकॉन फासलं होतं. मेहुण्याने त्याचा यथेच्छ उद्धार केला. दाजींनी एरवी सूर मिळवला असता, आज नुसतंच हूं केलं. दगड पुसून कोरडा झाला, सिंकच्या काठावर नवं सिलिकॉन लागलं. आता मेहुण्याने खालून सिंक वर दाबून धरायचं आणि दाजींनी वरून ओट्यावर आडवी पट्टी टाकून, सिंकच्या भोकातून लांब बोल्ट घालून नट आवळायचा. नट आवळेपर्यंत सगळं वजन मेहुण्याच्या हातांवर.

या वेळी बोलायचं ते फक्त ‘धर’. ‘सोड’ हा शब्द दोघांच्या कामात बंद होता. मेहुण्याला डाव्या कानाने जेमतेमच ऐकू यायचं. तरुणपणी एकदा दाजी वरून ओरडले, ‘सोडू नकोस’, आणि खाली पोचलं ते नुसतं ‘सोड’. सिंक तोंडावर आलं, पुढचा दात अर्धा गेला. त्या संध्याकाळी दाजींच्या बायकोने दोघांची चांगलीच हजेरी घेतली आणि फर्मान काढलं, हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. तेव्हापासून नट आवळला की दाजी पान्याने दगडावर टकटक करत आणि मग मेहुणा हात काढी.

तीच बायको शेवटच्या आजारात दाजींना म्हणाली होती, “माझ्या भावाला सोडू नका.” दाजींनी ते मनाशी घट्ट धरलं होतं.

गेल्या आठवड्यात मेहुण्याने चाचरत विषय काढला. लेक तिच्याकडे राहायला बोलावतेय, नातीला सांभाळायला माणूस हवंय, शिवाय गुडघे आता वाकत नाहीत. जाऊ का, असं त्याने विचारलं. दाजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दोघांच्या त्या घरात बहिरा काही एकटा मेहुणाच नव्हता. दाजींचा खांदा कामातून गेलेला, मेहुण्याशिवाय असली कामं होणार नाहीत, हे तर होतंच. पण घरी गेल्यावर भांडायचं कुणाशी, याची त्यांना खरी धास्ती होती.

नट आवळत आला. पट्टी कुरकुरली, काठाने सिलिकॉनची बारीक रेघ बाहेर आली. सिंक बसलं. दाजींनी पाना उचलला, पण टकटक केली नाही. ते तसेच उभे राहिले. मग वाकून त्यांनी कपाटात पाहिलं. मेहुण्याने डोळे मिटले होते, दंड थरथरत होते, कपाळावरचा घाम कानात उतरत होता. सिंक केव्हाच नटावर आलं होतं आणि हा बिचारा उगाच कष्टत होता.

दाजींना स्वतःची लाज वाटली. भावाला वाऱ्यावर सोडू नका, एवढंच तर ती म्हणाली होती. जखडून ठेवा असं कुठे म्हणाली होती?

खांद्याची कळ सोसत ते खाली बसले आणि त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

“सोड.”

मेहुण्याने डोळे उघडले. हात वरच. “धर म्हणालात ना?”

“सोड म्हणालो. लेकीकडे जा.”

मेहुण्याने एक हात काढला, जरा थांबून दुसरा. सिंक जागचं हललं नाही.

नंतर दोघांनी खालून लाकडाचा टेकू दिला, उद्यापर्यंत नळ सोडू नका म्हणून बाईंना बजावलं. हत्यारं गोळा करायची होती, पण दोघंही तिथेच फरशीवर बसून राहिले.

“उद्या टेकू काढायचाय,” मेहुणा म्हणाला. “तो काढून मग जातो.”

“टेकू मी काढीन. तू सामान बांध.”

एवढं बोलून दाजींनी उठण्यासाठी सवयीने हात पुढे केला, आणि मेहुण्याने तो धरला.